सायकलच्या घरी बनवलेल्या एलईडी दिव्याला बॅटरी कोणती लावावी?

प्रश्न असा आहे: वर्धा जिल्ह्यात रोज संध्याकाळी दीडेक तास अंधाऱ्या रस्त्याने सायकल चालवावी लागते. ३ वॅटचा पांढरा एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवलाय, त्याच्या जोडीला १० ओहमचा रेझिस्टर आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली तर दिवा दोन-तीन मिनिटं झकास लागतो आणि मग मंदावत जातो. आता इमर्जन्सी लाइटची ६ व्होल्टची बॅटरी घ्यावी, पेन्सिल सेल लावावेत, की लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले लिथियम सेल काढून वापरावेत?

उत्तर आधीच देऊन टाकतो. चांगल्या कंपनीचा नवा १८६५० लिथियम सेल घ्या, एक किंवा पॅरलल जोडलेले दोन. त्याला संरक्षण असलेलं चार्जिंग मॉड्यूल लावा आणि रेझिस्टर काढून त्या जागी ७०० मिलीअँपचा साधा लिनिअर ड्रायव्हर बसवा, म्हणजे एलईडीचा करंट ठरलेल्या आकड्यावर रोखून धरणारं आणि जादा व्होल्ट उष्णतेत घालवणारं छोटं सर्किट. घरात लहान मुलं आहेत किंवा लिथियमची धास्ती वाटते, तर तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल लावा, म्हणजे निकेल-मेटल-हायड्राइडचे. ड्रायव्हर तोच चालेल. ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड आणि लॅपटॉपचे जुने सेल या दोन्हींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. का ते पुढे येईलच.

आधी ९ व्होल्टच्या बॅटरीचं काय झालं ते बघू. पांढऱ्या एलईडीवर चालू असताना साधारण ३.२ व्होल्ट पडतात. नवातले उरलेले ५.८ व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला येतात. १० ओहमने भागलं की करंट निघतो ५८० मिलीअँप. म्हणजे एलईडीत १.९ वॅट आणि रेझिस्टरमध्ये ३.४ वॅट. बॅटरीतल्या दर तीन रुपयांपैकी जवळजवळ दोन रुपये रेझिस्टर तापवण्यात गेले. त्यात त्या चौकोनी डब्यात चिमुकले सहा सेल सिरीजमध्ये असतात. चांगली अल्कलाइन घेतली तरी क्षमता ५०० एमएएचच्या (मिलीअँप-तासांच्या) आसपास, आणि तीही अगदी थोडा करंट घेतला तरच. मल्टिमीटरसारख्या उपकरणासाठी ती बनवलेली आहे. अर्धा अँपिअर मागितला की तिच्या आतल्या रोधावरच व्होल्टेज कोसळतं. तुमची बॅटरी संपली नव्हती, दमली होती. तासभर विश्रांती देऊन पुन्हा लावा, पुन्हा दोन मिनिटं पेटेल.

म्हणून बॅटरीवर छापलेले व्होल्ट बघून सुरुवात करू नये. एलईडीला किती करंट द्यायचा आणि किती तास, इथून हिशेब धरायचा. ७०० मिलीअँप आणि दीड तास म्हणजे १०५० एमएएच. लिनिअर ड्रायव्हरमध्ये एलईडीतून जेवढा करंट वाहतो तेवढाच बॅटरीतून निघतो, त्यामुळे इतकं साधं गणित पुरतं. सेल जुना होईल, एखादा दिवस चार्जिंग राहून जाईल, हे धरून याच्या दुप्पट क्षमता असावी. २५०० एमएएचचा एक खरा १८६५० सेल साडेतीन तास देतो, म्हणजे दोन दिवस. असे दोन सेल पॅरलल लावले तर चार दिवस निभतात.

खेड्यातल्या किंवा हायवेलगतच्या कच्च्या रस्त्याला ७०० मिलीअँप पुरेसे असतात. गावात, जिथे रस्त्यावर दिवे आहेत, तिथे ३५० ला सुद्धा भागतं आणि वेळ दुप्पट मिळतो. करंट दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट होत नाही, कारण एलईडी तापतो आणि त्याची कार्यक्षमता घसरते. तेव्हा ३ वॅटचा एलईडी आहे म्हणून तो पूर्ण ३ वॅटवरच चालवला पाहिजे, असं काही नाही.

एलईडी आधी मोजा, मग सेल आणा

एलईडीच्या दोन पायांवर चालू अवस्थेत किती व्होल्ट पडतात ते मल्टिमीटरने बघा. ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि २.७ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला की साधारण ६५० ते ७०० मिलीअँप जातात, म्हणजे मोजणी खऱ्या परिस्थितीतली होते. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टला असतो, बराच काळ ३.८ ते ३.६ च्या दरम्यान रेंगाळतो आणि ३.४ च्या खाली आला की शेवट जवळ आला म्हणायचं. एएमसी ७१३५ ही लिनिअर ड्रायव्हरमधली चिप एकेकटी ३५० मिलीअँप देते. दोन पॅरलल लावल्या की ७००. तिला स्वतःला साधारण ०.१२ व्होल्ट लागतात. तुमच्या एलईडीवर ३.२ व्होल्ट पडत असतील तर सेल ३.३५ पर्यंत उतरेपर्यंत उजेड एकसारखा राहील, म्हणजे सेलची बहुतेक सगळी ताकद वापरली जाईल. त्यानंतर तो हळूहळू मंदावतो. ही या साध्या सर्किटची सोय आहे, दिवा भसकन विझत नाही, घरी पोचेपर्यंत मिणमिणत का होईना पण साथ देतो.

बाजारात सुटे मिळणारे स्वस्त मणी-एलईडी मात्र ७०० मिलीअँपला ३.५ व्होल्टसुद्धा घेतात. मग सेल ३.६ ला आला, म्हणजे निम्माच रिकामा झाला, की उजेड पडायला लागतो. लोक बॅटरीला शिव्या घालतात, दोष असतो एलईडीचा. अशा वेळी दुसरी बॅटरी शोधण्यापेक्षा चांगल्या बनावटीचा एलईडी घ्या, ज्यावर त्याच करंटला २.९ ते ३.० व्होल्टच पडतात. किंवा एकच एएमसी ७१३५ ठेवून ३५० वर चालवा.

सेल पूर्ण भरलेला असताना त्या चिपांवर एक व्होल्ट गुणिले ०.७, म्हणजे ०.७ वॅट उष्णता होते. ती हीटसिंकपर्यंत पोचली पाहिजे. ड्रायव्हरची तबकडी हवेत लोंबकळत ठेवली तर चिप तापून स्वतःच करंट कमी करते आणि दिवा फडफडतो.

१८६५० घेताना

नावातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या आकारात आज सर्रास मिळणाऱ्या चांगल्या सेलची क्षमता २००० ते ३५०० एमएएच असते. आवरणावर ९८०० किंवा ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर दुकानदाराशी हुज्जत न घालता सेल खाली ठेवा. खरा सेल ४४ ते ४८ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच्या आसपासचा सेल म्हणजे आत काहीतरी कमी आहे किंवा दुसऱ्याच लहान सेलवर मोठी टोपी चढवलेली आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे मल्टिमीटरइतकाच कामाचा. भारतात अशा सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आवरणावर आयएस १६०४६ आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो छापता कुणालाही येतो हे खरं, पण तोही नसेल तर प्रश्नच मिटला. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दोन-तीन दुकानं फिरा आणि सगळ्यात स्वस्त भाव देणाऱ्याकडून हा एक माल घेऊ नका. बाकी रेझिस्टर, स्विच खुशाल त्याच्याकडून घ्या.

सेलची खरी क्षमता तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, तुमचा दिवाच ते यंत्र आहे. सेल पूर्ण भरा, दिवा लावा, घड्याळ लावा, आणि दर अर्ध्या तासाने सेलवरचे व्होल्ट लिहून ठेवा. ३.३५ ला पोचला की थांबा. ३ तास १० मिनिटं लागली तर ३.१७ गुणिले ७००, म्हणजे २२०० एमएएचपेक्षा थोडं जास्त निघालं. सेलमध्ये थोडे अजून शिल्लक आहेत. २५०० लिहिलेल्या सेलकडून ही कामगिरी रास्त आहे. दोन तासांच्या आतच दम टाकला तर माल परत.

लॅपटॉपच्या जुन्या सेलबद्दल. फुकट मिळतात म्हणून मोह होतो, आणि सहापैकी चार अगदी ठणठणीत निघतात हेही होतं, कारण बहुतेक वेळा त्यातली एखादीच जोडी मेलेली असते. पण ते चार कोणते हे ओळखायला शिस्त लागते. काढल्या काढल्या व्होल्ट मोजा. २ व्होल्टच्या खाली असलेला सेल कितीही चांगला दिसो, बाजूला टाका. इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बाकीचे एकेक करून ४.२ पर्यंत भरा. भरताना हाताला गरम लागला तो बाद. मग दोन आठवडे तसेच ठेवा आणि पुन्हा मोजा, ४.१ च्या खाली गेलेला बाद. त्यानंतर वर सांगितलेली घड्याळाची चाचणी. एवढं करायला वेळ नसेल तर नवा सेल घेणंच परवडतं. आणि पॅक फोडताना स्क्रूड्रायव्हर सेलच्या दोन टोकांना किंवा आवरणातून आत लागला तर ठिणगीवर थांबेलच असं नाही.

दोन सेल पॅरलल जोडायचे तर एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, आणि जोडताना दोन्हींचे व्होल्ट सारखे असावेत, ०.०५ चा फरक चालेल, त्याहून जास्त नको. एक ४.१ ला आणि दुसरा ३.४ ला असेल तर मधल्या ०.७ व्होल्टला अडवायला फक्त त्यांचे आतले रोध असतात, दोन्ही मिळून ०.१ ओहमच्या आसपास. म्हणजे जोडताक्षणी ७ अँपिअरच्या घरातला करंट भरलेल्यातून रिकाम्यात धावतो. दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करून मग जोडले की हा प्रश्न येत नाही.

सिरीजमध्ये जोडायचा विचार सोडून द्या. दोन सेल सिरीजमध्ये लावले की ८.४ व्होल्ट होतात, लिनिअर ड्रायव्हर निरुपयोगी ठरतो, जास्तीचे व्होल्ट वाया न घालवता खाली आणणारा स्टेप-डाउन ड्रायव्हर लागतो, चार्जर वेगळा, आणि दोन्ही सेल समतोल ठेवणारं बोर्डही लागतं. एका एलईडीसाठी एवढा पसारा कशाला?

सेलच्या टोकांना थेट सोल्डर लावू नका. उष्णता आत जाते आणि आतला पातळ विभाजक पडदा दुखावतो. पत्ती वेल्ड केलेला सेल मागून घ्या, दुकानदार 'टॅबवाला' म्हणून देतो, आणि सोल्डर त्या पत्तीला लावा. होल्डर वापरायचा तर त्याच्या स्प्रिंगला समांतर तांब्याची तार सोल्डर करा. स्वस्त होल्डरची स्प्रिंग चक्क रोधाचं काम करते. आणखी एक भानगड: होल्डर उभा बसवला तर खड्ड्यात स्प्रिंग दबून क्षणभर संपर्क तुटतो. साध्या ड्रायव्हरवर नुसती लुकलुक दिसते, पण बटण दाबून जोरात-मंद-फ्लॅश असे प्रकार बदलणारा ड्रायव्हर असेल तर त्याला वाटतं बटण दाबलं, आणि प्रत्येक खड्ड्याला दिवा प्रकार बदलत जातो. सेल आडवा ठेवा, म्हणजे धक्का त्याच्या लांबीच्या दिशेने बसणार नाही, आणि बाजूला फोमचा तुकडा घट्ट बसवा.

चार्जिंग आणि संरक्षण

टीपी ४०५६ नावाचं छोटं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. ते दोन प्रकारचं असतं आणि चूक इथेच होते. एकावर बॅटरीसाठी फक्त दोन जागा असतात. ते नुसतं चार्ज करतं. दुसऱ्यावर बी अधिक, बी उणे, आउट अधिक, आउट उणे अशा चार जागा असतात. त्यावर डीडब्ल्यू ०१ ही संरक्षण चिप आहे, तेच घ्या. सेल बी ला, दिवा आउट ला. दिवाही बी लाच जोडला तर संरक्षण वळसा घालून बाजूला पडतं आणि ते आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

ही चिप सेल २.४ व्होल्टला आल्यावर तोडते. बहुतेक सेलना २.५ च्या खाली नेऊ नये असं सांगितलेलं असतं, त्यामुळे ती शेवटची जाळी समजा, रोजचा ब्रेक नव्हे. दिवा स्पष्ट मंद झाला की त्या रात्री चार्जिंगला लावायचाच, हा नियम ठेवा.

मॉड्यूलवर चार्जिंगचा करंट एका रेझिस्टरने ठरतो. दुकानातून येतो तो १.२ किलोओहमचा, म्हणजे १ अँपिअर. नव्या २५०० एमएएचच्या सेलला ते ठीक आहे, तीन-साडेतीन तासांत भरतो. जुना सेल असेल तर तो रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, करंट ५८० मिलीअँपवर येतो. चार्जिंग चालू असताना दिवा बंद ठेवा. करंट ठरलेल्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला की चिप चार्जिंग थांबवते; दिवा चालू असेल तर करंट तेवढा खाली येतच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ ला धरून ठेवला जातो. टाइप-सी सॉकेटच्या काही स्वस्त मॉड्यूलवर दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ती चार्ज होत नाहीत. मॉड्यूल बिघडलं असं समजून फेकू नका, जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लावून बघा.

सेल उलटा लावला तर मॉड्यूल जळतं, दुसरी संधी मिळत नाही. होल्डरमध्ये अधिक-उणे रंगाने ठळक करून ठेवा.

तुमच्याकडच्या उन्हाचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्यात पारा ४५ ला जातो, आणि उन्हात उभ्या सायकलवरच्या काळ्या डब्यात त्याहून बरंच जास्त होतं. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी उन्हातून आणलेला दिवा लगेच चार्जरला लावण्याऐवजी सावलीत तासभर ठेवा. सायकल दिवसभर बाहेर राहणार असेल तर बॅटरीचा डबा काढून सोबत न्या. म्हणून तो वेल्क्रोच्या पट्ट्याने फ्रेमला बांधलेला बरा. एलईडीच्या हीटसिंकला चिकटून सेल ठेवू नका. चार्जिंग फरशीवर, जागेपणी, नजरेसमोर. गादीवर, उशीखाली, रात्रभर नाही.

उन्हाची फारच चिंता असेल तर लिथियम-फॉस्फेट सेल, सोलर दिव्यांत असतो तो ३२७०० आकाराचा, ६००० एमएएच. तो जास्त उष्णता सोसतो, पेट घ्यायची भीती खूप कमी आणि आयुष्यही कितीतरी जास्त. पण तो ३.२ व्होल्टचा आहे, म्हणजे २.९ व्होल्टच्या चांगल्या एलईडीसोबतच जमतो. स्वस्त मणी-एलईडीला पुरणार नाही. आणि तो ३.६५ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. टीपी ४०५६ त्याला ४.२ पर्यंत रेटेल, तेव्हा ते मॉड्यूल इथे वर्ज्य. टीपी ५००० हे मॉड्यूल ३.६ वर ठेवता येतं, ते वापरा.

डबा, वायर, पाऊस

सेलपासून दिव्यापर्यंत एक मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर. घंटीची किंवा इअरफोनची बारीक वायर लावली तर ७०० मिलीअँपला तिच्यावरच पाव व्होल्ट पडू शकतात. वर आपण दशांश व्होल्टांचा हिशेब करत होतो, तो सगळा इथे वाहून जातो. ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर घ्या. स्विच आउट अधिक आणि ड्रायव्हरच्या मध्ये. बॅटरीजवळ २ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्रेमवर घासून वायरचं आवरण फाटलं तर तोच वाचवतो.

एकच सेल असेल तर २५ मिलिमीटरच्या इलेक्ट्रिकल पीव्हीसी पाइपात तो छान बसतो. पण दोन्ही टोकं सोल्व्हंटने पक्की चिकटवून बंद करू नका. सेल बिघडून वायू सोडायला लागला तर बंद नळीचं काय होतं ते सांगायला नको. एक टोक नुसतं दाबून बसवलेल्या झाकणाचं ठेवा, ते खालच्या बाजूला. पाणी अडवायला सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका. त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला आणि सोल्डरला खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेला घ्या. आणि वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकून जाईल, आत ओघळणार नाही.

पेन्सिल सेलचा पर्याय

तीन निकेल-मेटल-हायड्राइड सेल सिरीजमध्ये लावले की भरलेले असताना ४.२, चालताना ३.६ आणि संपताना ३.० व्होल्ट. लिथियमच्या एका सेलशी हे जवळजवळ जुळतं, म्हणून तोच एएमसी ७१३५ चा ड्रायव्हर तसाच चालतो. २००० एमएएचच्या सेलवर पावणेतीन तास मिळतात. वजन ८० ग्रॅमच्या आसपास, लिथियमच्या पावणेदोन पट, पण सायकलला ते जाणवत नाही. शॉर्ट झाला तर तापतो, मात्र लिथियमसारखा पेट घेण्याचा धोका फारच कमी.

अडचण चार्जरची. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल जोडीने भरतात. तिसरा एकटा पडतो आणि लोक तो जुन्या कुठल्या तरी सेलबरोबर भरतात. मग तिघांचं पोट सारखं भरत नाही. सिरीजमध्ये सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघे त्याच्यातून उलटा करंट ढकलत राहतात. असं दोन-चार वेळा झालं की तो सेल गेला. प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला चार्जर घ्या, तिघांवर एकच तारीख लिहा आणि त्यांना वेगळं करू नका. सेल 'लो सेल्फ-डिस्चार्ज' प्रकारचे, म्हणजे पॅकवर 'चार्ज करून दिलेले' असं लिहिलेले घ्या. जुन्या पद्धतीचे महिनाभर पडून राहिले तरी बरेच उतरतात.

न भरता येणारे अल्कलाइन पेन्सिल सेल पुढच्या दिव्याला महाग पडतात. २००० च्या वर क्षमता सांगतात ती कमी करंटाची. ७०० मिलीअँप खेचले तर निम्मीही पदरात पडत नाही. टीव्हीच्या रिमोटातल्या साध्या झिंक-कार्बन सेलचं तर नावच काढू नका.

६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड कागदावर छान दिसते. वजन पाऊण किलोच्या आसपास, तेही एकवेळ चालेल. पण तिचे ४.५ अँपिअर-तास वीस तासांच्या संथ वापराचे असतात, आणि ती पूर्ण रिकामी करून दोन-चार दिवस तशीच ठेवली की सल्फेट धरून कायमची बसते. वीजपुरवठ्याच्या भरवशावर नेहमी चार्जिंगला लावलेल्या इमर्जन्सी लाइटला ती शोभते, रोज उतरणाऱ्या सायकलच्या दिव्याला नाही. तिच्यावर लिनिअर ड्रायव्हर लावला तर निम्मी वीज उष्णतेत जाते. पीटी ४११५ हा लोकप्रिय स्टेप-डाउन ड्रायव्हर लावावा म्हटलं तर त्यालाच किमान ६ व्होल्ट लागतात, आणि बॅटरी लोडखाली त्याच्या खाली जाते. दोन एलईडी सिरीजमध्ये लावावेत तर त्यांना ६.४ हवेत. ६ हा आकडा या कामाला मधेच अडकलेला आहे. घरात ती पडूनच असेल तर ५ व्होल्टपासून चालणारा स्टेप-डाउन ड्रायव्हर शोधा, विकत मात्र घेऊ नका. ई-सायकलची ३६ व्होल्टची बॅटरी असलेल्यांनी पीटी ४११५ थेट जोडू नये. ती भरल्यावर ४२ व्होल्ट असते आणि चिपची मर्यादा ३० आहे.

सेल, चार्जिंग मॉड्यूल यांची भानगडच नको असेल तर १०,००० एमएएचची पॉवर बँक. हे १०,००० आतल्या ३.७ व्होल्टचे असतात, ५ व्होल्टला बाहेर साधारण ६००० मिळतात. ७०० मिलीअँपला आठेक तास. ५ व्होल्टवर एएमसी ७१३५ फार तापतो, म्हणून मध्ये १.५ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर टाका. पावसात पिशवी आणि खड्ड्यात सैल होणारा यूएसबी प्लग, या दोन्हींची काळजी तुमची.

मागचा लाल दिवा पुढच्या बॅटरीवर टाकू नका, तिने मान टाकली तर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसायला हवेत. तीन लाल एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा ४७ ओहमचा रेझिस्टर, आणि दोन अल्कलाइन पेन्सिल सेल. प्रत्येकी २० मिलीअँप, एकूण ६०. इतक्या कमी करंटला अल्कलाइन आपली पूर्ण क्षमता देतो. तीस तास सहज, म्हणजे तुमच्या वापराला तीन आठवडे. पावसाळ्यात सायकल पडून राहणार असेल तर हे सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून पत्तीचे कॉन्टॅक्ट हिरवे होतात.